अ‍ॅपवाल्या बँकेत रोख आणि चेक कसा भरायचा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची बरीचशी वर्षं नौपाड्यातल्या एका शाखेत कॅश काउंटरच्या जाळीआड गेली. निवृत्तीनंतर जाळी सुटली, प्रश्न सुटले नाहीत. आता ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. वर्तकनगरहून, ऐरोलीहून, खारघरहून. "काका, खातं मोबाइलवर पाच मिनिटांत उघडलं, पण हातातले वीस हजार त्यात घालू कसे?" हा त्यांतला सगळ्यात नेहमीचा.

आलेले प्रश्न जवळपास त्याच शब्दांत खाली दिले आहेत. आधी रोख, मग चेक, शेवटी आडवळणाचे. घाईत असाल तरी पहिले दोन वाचाच. बाकीची निम्मी उत्तरं त्यांतूनच निघतात.

१. माझी बँक फक्त अ‍ॅपवर आहे. तिची ठाण्यात शाखा आहे का?

बहुतेक वेळा असते, पण पाटीवर नाव वेगळं असतं. एकही शाखा नसलेल्या निव्वळ डिजिटल बँकेची शिफारस नीती आयोगाने जुलै २०२२ च्या अहवालात केली होती, पण रिझर्व्ह बँकेने तसा वेगळा परवाना काढलेला नाही. त्यामुळे तुमच्या फोनमधली 'बँक' तीन प्रकारांपैकी एक असते.

पहिला प्रकार म्हणजे नेहमीच्याच बँकेचं डिजिटल खातं. कोटक ८११ हे कोटक महिंद्र बँकेचं, डिजिबँक हे डीबीएस बँकेचं. दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅप एका कंपनीचं आणि खातं दुसऱ्याच परवानाधारक बँकेत. ज्युपिटर अ‍ॅप घेतलंत तर खातं फेडरल बँकेत निघतं. तिसरा प्रकार पेमेंट्स बँकेचा, म्हणजे एअरटेल, फिनो किंवा टपाल खात्याची इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. यांना ठेवी घेता येतात, कर्ज देता येत नाही, आणि यांचा रोखीचा व्यवहार दुकानात किंवा पोस्टात चालतो.

अ‍ॅप हा दर्शनी दरवाजा आहे. पैसे मागच्या बँकेच्या तिजोरीत जातात, म्हणून रोख आणि चेक घेऊन मागच्या बँकेकडेच जायचं.

२. अ‍ॅपच्या मागे नक्की कोणती बँक आहे हे कसं ओळखू?

आयएफएससी बघा. अकरा अक्षरांचा असतो आणि पहिली चार अक्षरं बँकेची. एफडीआरएल म्हणजे फेडरल, केकेबीके म्हणजे कोटक, डीबीएसएस म्हणजे डीबीएस. पाचवं शून्य, शेवटची सहा अक्षरं शाखेची. अ‍ॅपमध्ये 'अकाउंट डिटेल्स'मध्ये तो मिळतो. तिथेच 'होम ब्रँच'चं नावही वाचून ठेवा. ती ठाण्यातलीच असेल असं नाही, पार दुसऱ्या राज्यातलीही निघते. रोज काही अडत नाही त्यावाचून, पण चेक बाउन्स झाला की ती फार महत्त्वाची ठरते (प्रश्न १९).

३. रोख भरायचे मार्ग कोणकोणते?

पहिला, मागच्या बँकेच्या कुठल्याही शाखेत स्लिप भरून काउंटरवर. दुसरा, त्या बँकेचं कॅश डिपॉझिट मशीन. तिसरा, यूपीआयने रोख भरण्याची सोय असलेलं दुसऱ्या बँकेचं मशीन (प्रश्न ५). चौथा, बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे, आधार आणि बोटाचा ठसा देऊन. यात एका व्यवहाराला १०,००० रुपयांची मर्यादा आहे आणि तुमची बँक त्या सोयीत सामील असावी लागते.

पाचवा मार्ग कुठलंच अ‍ॅप जाहिरातीत सांगत नाही, आणि मी मात्र आधी तोच सांगतो. घरात कुणाचं ना कुणाचं नाही, तुमचंच एक जुनं खातं असतं, टीजेएसबीत किंवा स्टेट बँकेत, पायी जाता येईल अशा शाखेत. रोख तिथे भरा आणि घरी येऊन यूपीआयने किंवा आयएमपीएसने अ‍ॅपच्या खात्यात वळती करा. यूपीआयने साधारण दिवसाला १ लाखापर्यंत, आयएमपीएसने ५ लाखांपर्यंत जातात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे. अ‍ॅप घेतलं म्हणून जुनं खातं बंद करायची घाई करणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं: थांबा जरा.

४. मशीनमध्ये कधी भरले नाहीत. नोटा अडकल्या तर? नक्की काय काय करायचं?

घरून निघतानाच गठ्ठा नीट करा. रबर, टाचणी, स्टेपलची पिन काढा. दुमडलेले कोपरे सरळ करा. गांधीजी एका बाजूला आले पाहिजेत असं काही नाही, मशीन दोन्ही बाजू ओळखतं. पण ओलसर किंवा चिकट नोट त्याला चालत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारातून पावसाळ्यात आलेली नोट आधी पंख्याखाली वाळवा.

कार्ड घाला किंवा खातं क्रमांक टाका. क्रमांक टाकलात तर पुढच्या पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, बहुतेक वेळा अर्धवट झाकलेलं. तिथे थांबा आणि वाचा. मागच्या रांगेकडे बघू नका. मग खण उघडतो, त्यात गठ्ठा उभा ठेवायचा, खूप दाबून नाही. झाकण बंद होतं, आतून पत्ते पिसल्यासारखा आवाज येतो, आणि ज्या नोटा पटल्या नाहीत त्या परत बाहेर येतात. त्या आधी उचला. पडद्यावर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, असा हिशेब येतो. तो तुमच्या मोजणीशी जुळला तरच 'कन्फर्म' दाबा. नाही जुळला तर 'कॅन्सल', सगळ्या नोटा परत मिळतात.

मर्यादा बँकेगणिक वेगळी. स्टेट बँकेच्या मशीनमध्ये एका वेळी २०० नोटा जातात आणि कार्डाशिवाय भरलं तर एका व्यवहारात ४९,९०० रुपयांपर्यंत.

पावतीचा तिथल्या तिथे फोटो काढा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो, पाकिटात महिनाभर राहिला की कोरा होतो.

५. माझ्याकडे प्लास्टिकचं कार्डच नाही, अ‍ॅपमध्ये नुसतं चित्र आहे. मशीन चालेल का?

चालेल. मागच्या बँकेच्या मशीनवर खातं क्रमांकाने भरता येतं. शिवाय २९ ऑगस्ट २०२४ पासून यूपीआयने रोख भरण्याची सोय देशात सुरू झाली आहे. ज्या बँकांनी ती मशीनवर चालू केली आहे तिथे पडद्यावर 'यूपीआय कॅश डिपॉझिट' असा पर्याय दिसतो. क्यूआर मोबाइलने स्कॅन करून जोडलेल्या खात्यांपैकी हवं ते निवडायचं. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी हरकत नाही, आणि अ‍ॅपवाल्यांना या सोयीचा खरा उपयोग इथेच आहे.

अडचण एवढीच की सगळ्या मशीनवर हा पर्याय नाही. घोडबंदर रोडच्या एका मशीनवर दिसला म्हणून वाशीतल्या त्याच बँकेच्या मशीनवर असेल असं धरून रिक्षा करू नका.

६. शाखेत गेलो तर "हे अ‍ॅपचं खातं आहे, आमच्याकडे नाही" म्हणून परत पाठवलं. आता?

हे माझ्या भाच्याच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काउंटरवरची मुलगी नवी होती, अ‍ॅपचं नाव तिने ऐकलं नव्हतं, आणि आमच्या भाचेसाहेबांनी स्लिपवर बँकेच्या नावाखाली अ‍ॅपचंच नाव ठोकून दिलं होतं. मी दुसरी स्लिप घेतली, पूर्ण खातं क्रमांक, खातेदाराचं नाव आणि आयएफएससी लिहिला, आणि सांगितलं, "हे तुमच्याच बँकेचं बचत खातं आहे, सिस्टीममध्ये नंबर टाकून बघा." नाव आलं, पैसे घेतले.

तेव्हा काउंटरवर अ‍ॅपचं नाव काढूच नका. मात्र मशीनने होणारी छोटी रक्कम काउंटरवर नेली तर बरेच जण मशीनकडे बोट दाखवतात, आणि महिन्यातल्या ठरावीक वेळांनंतर रोख भरायला शुल्कही लागतं. तुमच्या खात्याला किती फुकट आणि पुढे किती, ते अ‍ॅपमधल्या शुल्कांच्या यादीत असतं.

७. पॅन कधी लागतं?

पॅन खात्याला जोडून ठेवा आणि मोठी रक्कम नेताना कार्डाची प्रत खिशात ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटतो. ५०,००० चा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय आणि त्याच्या खाली राहायला लोक ४९,००० चे तुकडे करून चार दिवस भरतात. हा शहाणपणा नाही. तुकडे जास्त ठळक दिसतात, कारण बँकेची सिस्टीम वर्षाची बेरीज करते, दिवसाची नव्हे.

८. जास्त रोख भरली तर इन्कम टॅक्सची नोटीस येते का?

बचत खात्यांत मिळून आर्थिक वर्षात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला हीच सीमा ५० लाखांची. कळवणं म्हणजे नोटीस नव्हे. तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात ती नोंद दिसते आणि विवरणपत्राशी जुळली नाही तर विचारणा होते. दागिने मोडले असतील तर सराफाची पावती, आधी काढलेलीच रोख परत भरत असाल तर त्याचं स्टेटमेंट, असं काहीतरी हाताशी असू द्या.

दुसरा नियम लोक विसरतात. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. भाड्याच्या घराचं अडीच लाख डिपॉझिट रोख घेऊन ते अ‍ॅपच्या खात्यात भरायला निघालेले एक गृहस्थ मला हिरानंदानी इस्टेटमध्येच भेटले. भाडेकरूला म्हटलं असतं तर त्याने एका बोटावर ट्रान्सफर केले असते.

९. चिल्लर, फाटक्या नोटा आणि कपाटात सापडलेली दोन हजाराची नोट यांचं काय?

मशीन नाणी घेत नाही. नाणी काउंटरवर द्यायची आणि शाखेने ती नाकारायची नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. दहा रुपयांची सगळ्या नक्ष्यांची नाणी चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलंही. शंभर-शंभरच्या पिशव्या करून न्या, कॅशियर दुवा देईल.

फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे खातं असायची गरज नाही. आधी बदला, मग भरा.

दोन हजाराची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागे घेण्याचं जाहीर झालं, पण ती अजून कायदेशीर आहे. बँका ती घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेची देशभरातली १९ कार्यालयं घेतात, आणि आपलं नशीब असं की त्यांतलं एक सीबीडी बेलापूरला आहे. हार्बरने बेलापूरला उतरायचं, ओळखपत्र आणि खात्याचा तपशील न्यायचा. रक्कम खात्यात जमा होते, मग खातं अ‍ॅपवालं का असेना. जायला जमत नसेल तर पोस्टातूनही या कार्यालयाकडे पाठवता येते.

१०. माझ्या गठ्ठ्यात बनावट नोट निघाली तर मला धरतील का?

चार नोटांपर्यंत नाही. नोटेवर 'बनावट' असा शिक्का बसतो, ती जप्त होते, तिचे पैसे मिळत नाहीत आणि तुम्हाला पावती मिळते. ती पावती मागून घ्या. नोट परत द्या म्हणून हुज्जत घालू नका, कॅशियरला ती देताच येत नाही. एकाच भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर मात्र शाखेला पोलिसांत कळवावंच लागतं.

११. मशीनने पैसे घेतले, पावती आली नाही, खात्यातही आले नाहीत.

जागा सोडायच्या आधी मशीनचा क्रमांक (वर किंवा बाजूला चिकटवलेला असतो), वेळ आणि पडद्याचा फोटो घ्या. नोटांचा हिशेब लगेच लिहून ठेवा: पाचशेच्या ३२, शंभराच्या ४०, असा. दुसऱ्या दिवशी मशीन उघडून रोकड जुळवली जाते तेव्हा जास्तीचे पैसे किती निघाले ते बँकेला दिसतं, आणि तुमचा हिशेब त्याच्याशी जुळला की काम होतं. "पंधरा-वीस हजार असतील" असं सांगणाऱ्याचं प्रकरण लांबतं.

तक्रार कुणाकडे? तुमच्या खात्याच्या बँकेकडे, लेखी, तक्रार क्रमांक घेऊन. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी सुरुवात आपल्याच बँकेकडे. पुढची पायरी प्रश्न २३ मध्ये.

१२. एक आकडा चुकला आणि पैसे भलत्याच्याच खात्यात गेले.

तोच दिवस हातात आहे असं समजून शाखा गाठा. बँक त्या खातेदाराशी संपर्क करते, पण त्याच्या संमतीशिवाय सहसा पैसे काढून देत नाही. तो नकार देत असेल तर पोलीस आणि वकील. म्हणूनच प्रश्न ४ मध्ये नाव वाचायला सांगितलं.

१३. भरणा होतच नाही, 'लिमिट एक्सीड' म्हणतं. खात्यात तर नऊ हजारच आहेत!

खातं नुसत्या आधार ओटीपीवर उघडलं असणार. अशा खात्यात शिल्लक १ लाखापुढे जाऊ शकत नाही, आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांपुढे जाऊ शकत नाही, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी झालं नाही तर खातं बंद पडतं. तुमची शिल्लक नऊ हजार असली तरी वर्षभरात येऊन गेलेले पैसे मोजले जातात. व्हिडिओ केवायसी करून घ्या. मूळ पॅन कार्ड आणि कोरा कागद घेऊन उजेडात बसा, दहा मिनिटांचं काम आहे. पेमेंट्स बँकेत मात्र पूर्ण केवायसीनंतरही दिवसअखेर शिल्लक २ लाखांच्या वर ठेवता येत नाही.

१४. अमेरिकेतला मुलगा चेकचा फोटो काढून अ‍ॅपमधून भरतो. मी का नाही भरू शकत?

तिकडे ती पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडेही चेक खरं तर फोटोच्याच रूपाने फिरतो. सीटीएसमध्ये, म्हणजे चेक वटवायच्या देशभरच्या यंत्रणेत, कागद तुमच्या बँकेतच थांबतो आणि चित्र पुढे जातं. पण ते चित्र काढायच्या आधी कागद अस्सल आहे की नाही हे पाहायची जबाबदारी चेक घेणाऱ्या बँकेवर असते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरून खुणा बघतात, आणि कागद जपूनही ठेवावा लागतो. म्हणून सर्वसामान्य खातेदाराला घरबसल्या फोटो पाठवायची सोय आपल्याकडे सर्रास नाही. 'चेकचा फोटो पाठवा, पैसे टाकतो' असा व्हॉट्सअ‍ॅप आला तर तो फसवणुकीचा आहे.

१५. मग चेक कुठे टाकू? ड्रॉप बॉक्स की काउंटर?

मागच्या बँकेची कुठलीही शाखा. गोखले रोडला भरलात काय आणि सीवूड्सला काय, फरक नाही. मागे खातं क्रमांक, नाव आणि मोबाइल नंबर लिहा. अ‍ॅपच्या खात्याला पासबुक नसतं, स्लिप सुटली तर चेक कुणाचा हे मागूनच कळतं.

ड्रॉप बॉक्स सोयीचा, पण पोचपावती देत नाही. काउंटरवर चेक दिला आणि पावती मागितली तर शाखेने नाही म्हणायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. पाच हजाराच्या चेकला बॉक्स चालेल. पीएफचा किंवा विम्याचा असेल तर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पेमेंट्स बँकेचं खातं असेल तर चेक मुळात जमा होतो का, हे आधी विचारून घ्या.

१६. चेक वटायला किती दिवस?

पूर्वीसारखे दोन-तीन दिवस नाहीत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक गठ्ठ्याने न जाता दिवसभर एकामागून एक जातात. समोरच्या बँकेने त्याच संध्याकाळी ७ पर्यंत होय-नाही सांगायचं; काहीच नाही सांगितलं तर तो मंजूर धरला जातो. म्हणजे सकाळी काउंटरवर दिलेल्या चेकचे पैसे बऱ्याचदा त्याच दिवशी येतात. ड्रॉप बॉक्स उघडतो तेव्हाच उघडतो, हे विसरू नका. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद.

चेक ५०,००० किंवा त्याहून मोठा असेल तर देणाऱ्याला पॉझिटिव्ह पे केलंय का, म्हणजे चेकचा तपशील त्याने आपल्या बँकेला आधीच कळवलाय का, ते विचारा. ५ लाख आणि पुढे बऱ्याच बँका त्याशिवाय चेक परत करतात. 'बाहेरगावचा चेक' हा शब्द मात्र आता विसरा. साताऱ्याच्या चेकला ठाण्याच्या चेकइतकाच वेळ.

१७. आजोबांनी मराठीत चेक लिहिलाय. अ‍ॅपवाली बँक घेईल का?

घ्यावाच लागेल. चेकची छपाई हिंदी-इंग्रजीत असते, पण लिहिणाऱ्याने हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागातल्या भाषेत लिहावं असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. राष्ट्रीय दिनदर्शिकेतली शके तारीखसुद्धा चालते, अर्थात मी आयुष्यात असे दोनच चेक पाहिले आणि दोन्ही एकाच निवृत्त संस्कृत शिक्षकांचे होते.

१८. चेकवर माहेरचं नाव आहे / दोघांची नावं आहेत / दुकानाचं नाव आहे.

तीन वेगळ्या भानगडी. माहेरचं नाव असेल तर विवाह प्रमाणपत्र देऊन नाव बदलून घ्या किंवा देणाऱ्याकडून चेक बदलून घ्या. अ‍ॅपवर नाव बदलायला वेळ लागतो, म्हणून दुसरं सोपं. स्पेलिंगचा एखाददुसरा फरक सहसा अडत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाचा चेक एकट्याच्या खात्यात जात नाही, आणि अ‍ॅपची बरीच खाती एकट्याचीच असतात. जुनं जॉइंट खातं इथे पुन्हा कामी येतं. दुकानाच्या नावाच्या चेकला त्या नावाचं चालू खातं हवं.

१९. चेक बाउन्स झाला. केस ठाण्यातच होईल ना?

इथे अ‍ॅपवाले फसतात. कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार खटला चालतो तो घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात. तुम्ही चेक पाचपाखाडीत भरला असला तरी कायदा तो तुमच्या होम ब्रँचमध्ये भरला असंच मानतो. होम ब्रँच बंगळुरूला असेल तर तारखांना बंगळुरूला जायची तयारी ठेवा. मोठ्या रकमेचे, उधारीचे, पुढच्या तारखांचे चेक म्हणूनच जवळच्या शाखेतल्या खात्यात भरावेत, किंवा होम ब्रँच आधीच बदलून घ्यावी.

मुदती काटेकोर आहेत. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस, ते उलटले की महिन्याभरात तक्रार. अ‍ॅपवरच्या 'चेक रिटर्न्ड' एवढ्या संदेशावर भागत नाही. मेमो आणि मूळ चेक शाखेतून मागून घ्या.

२०. चेकवर जानेवारीची तारीख आहे, आता मे चालू आहे. आणि थोडी खाडाखोडही आहे.

नाही चालणार. एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीन महिनेच जिवंत. नाव किंवा रकमेतली खाडाखोड सही करूनही चालत नाही. मुदत वाढवण्यासाठी तारीख बदलली असेल तेवढीच चालते. नवा चेक मागा.

२१. मैत्रिणीच्या नावाचा क्रॉस चेक माझ्या अ‍ॅपच्या खात्यात भरता येईल?

'अकाउंट पेयी' असेल तर नाही, मागे सही करून दिली तरी नाही. एकच अपवाद आहे: पतसंस्थेच्या सभासदाचा ५०,००० पर्यंतचा असा चेक बँक पतसंस्थेच्या खात्यात जमा करू शकते. ज्यांचं दुसरं खातंच नाही त्यांच्यासाठी ती सोय.

२२. वडील गेले. त्यांच्या नावाने विम्याचा चेक आलाय आणि त्यांचं खातं अ‍ॅपवरच होतं.

त्यांच्या फोनवरून काहीही करू नका, पिन माहीत असला तरी. मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जा. नामनिर्देशित व्यक्तीच्या संमतीने बँक 'अमुक यांची मालमत्ता' अशा नावाचं खातं उघडून त्यात चेक घेऊ शकते, नाहीतर 'खातेदार मृत' असा शेरा मारून परत पाठवते. विमा कंपनीकडून वारसाच्या नावाने नवा चेक घेणं बहुतेकांना सोपं जातं.

आणि आई सत्तरीच्या पुढची असेल, शाखेत जाणं होत नसेल, तर घरी येऊन रोख नेण्याची सोय ज्येष्ठांना द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. अ‍ॅपच्या चॅटमध्ये विचारू नका, शाखेला अर्ज द्या.

२३. अ‍ॅपवर माणूस भेटत नाही, नुसता बॉट. तक्रार कुठे करू?

अ‍ॅपकडे नव्हे, बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर, फुकट. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर कधीही फिरवू नका. अ‍ॅपमध्ये किंवा बँकेच्या संकेतस्थळावर असेल तोच.

२४. एवढे पैसे अ‍ॅपमध्ये ठेवणं सुरक्षित आहे का?

विमा मागच्या बँकेचा, माणशी ५ लाखांपर्यंत, व्याज धरून. पण त्याच बँकेत तुमचं जुनं खातंही असेल तर दोन्हींची बेरीज करून ५ लाख. अ‍ॅप वेगळं म्हणून विमा वेगळा होत नाही. दोन वेगळी अ‍ॅपं एकाच बँकेवर उभी असू शकतात, तेव्हा पुन्हा प्रश्न २ बघा.

२५. मी मंडळाचा खजिनदार आहे. वर्गणीची रोख रोज माझ्या अ‍ॅपच्या खात्यात भरली तर चालेल ना? हिशेब वहीत आहेच.

दरवर्षी श्रावणात येणारा प्रश्न. नको. ती रक्कम तुमच्या पॅनवर दिसेल (प्रश्न ८), आणि वर्गणीदाराने मंडळाच्या नावाने दिलेला चेक तुमच्या खात्यात जाणारही नाही (प्रश्न १८). मंडळाचं खातं मंडळाच्या नावाने, धर्मादाय नोंदणी, ठराव आणि दोघांच्या सह्या देऊन शाखेतच उघडावं लागतं. ते काम दहा मिनिटांचं नाही, म्हणून आषाढातच सुरू करा. तोवर रोकड दोघांनी मोजून, पावतीपुस्तकाचे क्रमांक लिहून, एकाच्या नव्हे दोघांच्या कुलपात ठेवा.